माप

टल्साच्या दुकानात काचेखाली मखमल.
वेन्डेल हॅगर्टी एकेक काढून ठेवतो,
सोनारानं पाटल्या मांडाव्यात तसा:
"ही नाइन एमएम. ही पंचेचाळीस.
आणि ही थ्री-फिफ्टी-सेव्हन, बाई,
हिच्यापुढं बैलसुद्धा उभा राहत नाही."

लोरीनला बैलाची भीती नाही.
भीती मंगळवारी सुटलेल्या नवऱ्याची.

बावीस वर्षं इमर्जन्सीत रात्रपाळी.
सगळ्या मापांच्या भोकांत तिनं बोळे कोंबलेत.
बावीसच्या इवल्याशा गोळीनं गेलेला तो पोरगा,
पंचेचाळीस खाऊन शिव्या देत बसलेला म्हातारा.
एक्स-रेवर नुसता पांढरा ठिपका,
त्यावर कुठं लिहिलेलं असतं
पॉइंट किती?

मोठी उचलते. मनगट कुरकुरतं.
पर्समध्ये घालून बघते –
चष्मा, पेपरमिंट, आईचं इन्सुलिन –
पट्टा खांद्यावरून घसरतो.

"आवाज किती होतो?"
"त्याला कळेल एवढा," वेन्डेल हसतो.
"आणि मला? नंतर?"

वेन्डेल काच पुसू लागतो,
स्वच्छच असलेली.

शेवटी अडतीस घेते. पाच गोळ्यांची.
घरी पोचेपर्यंत पर्स
एकदाही उघडत नाही,
पेपरमिंटसाठीसुद्धा.