ऐंशी रकाने, पंचवीस ओळी

देवगडच्या मच्छिमार सोसायटीत
डिझेलचा हिशेब अजून काळ्या पडद्यावर चालतो.
काळा आहे असं म्हणतात, मी पाहिलेला नाही.
मला ठाऊक आहे ती त्याची लांबीरुंदी:
ऐंशी रकाने, पंचवीस ओळी,
आणि कडेने कुणीतरी हौसेने काढलेली दुहेरी चौकट.

पहिल्या दिवशी स्क्रीन रीडर नुसती चौकटच वाचत बसला.
आडवी रेघ आडवी रेघ आडवी रेघ कोपरा,
उभी रेघ, मग कुठे एक आकडा, पुन्हा उभी रेघ.
खिडकीबाहेर कॅन घेऊन रांग.
"गो बाय, आज गावतला मां डिझेल?"

मग मी त्याला गप्प बसायला शिकवलं.
रेघा सोड.
तारीख विचारेन तेव्हाच सांग.
अकरावी ओळ, चाळिसावा रकाना: बाकी. ती आधी.
उजळलेली पट्टी हलली तर बोल, एरवी नको.
चोविसाव्या ओळीवर काहीही उमटलं
तर हातातलं टाकून ओरड.
हे शेवटचं मी उशिरा लिहिलं.
तीन दिवस तिथे डिस्क भरल्याचं येत होतं
आणि मी नोंदी करत होते, कुठेच न उरणाऱ्या.
पावत्यांवरून सगळं पुन्हा भरलं,
मोंडकर वाचायचे, मी टाईप करायची.
मोंडकरांचा वेग कमी करता येत नाही.

नावांना वेळ लागला.
यादी इंग्रजी अक्षरांत, याची जीभ परदेशी.
गंगाराम खवळे म्हणजे गँगरॅम कॅव्हेल,
कुबलांचे चारही भाऊ क्यूबल.
शब्दकोशाच्या फायलीत एकेक नाव बसवलं,
अक्षरं दुप्पट करून, एच घालून, काढून,
जिथे ळ नाही तिथे ळच्या आसपासचं काहीतरी,
कानाला पटेपर्यंत.
दोनशे बारा सभासद.
यंत्र पहिल्यांदा नीट "खवळे" म्हणालं
तेव्हा खवळे खिडकीशीच होते.
त्यांनी ओ दिली,
मग जरा ओशाळले.

आता नवा प्रोग्रॅम येणार आहे, रंगीत, चित्रांचा.
माणूस सांगून गेला, सगळं माऊसवर.
मी विचारलं, अकरावी ओळ कुठे असेल?
तो म्हणाला, बघू.
धक्क्यावर गप्पा मारत, खाली न बघता
बोटांनी जाळ्याची फाटकी आस शोधणाऱ्यांना
हा प्रश्न समजावावा लागला नसता.

वर उजव्या कोपऱ्यात माझं नाव येतं.
तो अजून "वैजा अँटी" म्हणतो.
तेवढं मी दुरुस्त केलेलं नाही.
सकाळी खिडकी उघडायच्या आधी
ऑफिसात मला हसवणारं दुसरं आहे कोण.