एकशे ऐंशी मीटर

निकालाच्या कागदावर सुगंधा टेकाम:
दहा किलोमीटर, छत्तीस मिनिटं नऊ सेकंद.
महिन्याभरात मिनिटभर खाली?
मला पटेना.

रात्री सायकलच्या चाकाला चिंधी बांधली,
फेऱ्या मोजत निघालो
कस्तुरचंद पार्कापासून.
सेमिनरी हिल्सच्या चढावर
कुत्री मागे लागली, आकडा चुकला,
परत पहिल्यापासून.

रस्ताच एकशे ऐंशी मीटर कमी भरला.
म्हणजे चाळीस सेकंद फुकटचे.

उरलेले वीस मात्र तिचे.
बहुतेक त्या चढावरचेच,
जिथे माझा दम गेला.

सकाळी मैदानात लेस बांधता बांधता तिने विचारलं,
"सर, कागद पाहिला का जी?"
पाहिला, म्हटलं,
आणि चाळीस वजा केलेला चेहरा
तिला दिसू नये म्हणून
शिट्टी पुसत राहिलो.