टक्का आधी

तुर्कूच्या बंदरात बर्फ फोडणारी बोट सरकते,
काचा थरथरतात, कॉफीवर एक वलय.
सायमी वेस्टरहोल्म लॉग उघडते:
दहा सेकंदांहून जास्त रेंगाळलेल्या प्रत्येक क्वेरीची
इथे नोंद होते, उशिरा आलेल्या पोरांसारखी.

पहिला पॅटर्न अधाशी निघाला.
ठिपका आणि त्याला चिकटलेला तारा,
पहिल्या अवतरणचिन्हापाशी आ वासला
तो ओळीतल्या शेवटच्या चिन्हावरच मिटला.
मधली नावं, गावं, वय, सगळं पोटात.
तिने ताऱ्यामागे प्रश्नचिन्ह लावलं.
आता तो पुरतं तेवढंच खातो.

मग सोलणं.
आकडा दिसला की प्रश्नचिन्ह,
नाव दिसलं की प्रश्नचिन्ह.
चार लाख ओळींचे उरले चौदा सांगाडे,
आणि नववा रोज संध्याकाळी सव्वासातला येणारा:
वेळ एक्केचाळीस सेकंद,
चाळलेल्या ओळी तेवीस लाख,
हाती आलेल्या, शून्य.

"इंडेक्स टाक," रुनार म्हणाला, टोपी घालता घालता.
"नावाला चालणार नाही. टक्का आधी आहे."
नावाचं शेपूट ठाऊक, तोंड नाही,
अशा माणसाला कुठलीच यादी मदत करत नाही.

तो गेल्यावर तिने पॅटर्न बाजूला ठेवला
आणि मूळ ओळ वाचली, न सोललेली.
जुन्या बोटींच्या प्रवासी याद्या. एस्किल्स्टुनाहून कुणीतरी.
आडनाव, टक्का, मग लाम्पी.
मूल. वय चार. सोबत: कोणी नाही.
३ मार्च १९७०.
कालच्या ओळीत २ मार्च.
परवाच्या ओळीत १.
ती मागे मागे गेली,
लॉग संपला तिथे नोव्हेंबर होता.

तारखेला मात्र इंडेक्स घालता येतो.
एका ओळीचं काम. तरी तिने
कॉफी गार होऊ दिली.
एक्केचाळीस सेकंद म्हणजे पडद्यावर
एक चकती फिरत राहते,
आणि ती फिरते तोवर उत्तर नाही असं नसतं.
मग एंटर दाबलं. पगार त्याचाच आहे.

दुसऱ्या दिवशी सव्वासात.
नववा सांगाडा नाही.
तिसऱ्या दिवशी नाही.
शून्य आता डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचत असेल,
किंवा सापडलं असेल,
किंवा सोडून दिलं असेल.
दहा सेकंदांच्या आतलं
आमच्याकडे लिहून ठेवत नाहीत.

पॅटर्न चालतो आहे. तेरा सांगाडे.
प्रश्नचिन्हं जागच्या जागी.