दुसऱ्या अंतऱ्याशी

रविवार कारंजाला, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर
आमचं मंडळ भरतं. महिन्याचा दुसरा शनिवार, साडेपाच.
मनोरमाबाई धारगळकरांच्या एकेचाळीस तबकड्या,
गर्ग्यांनी दिलेला रेकॉर्डप्लेअर,
आणि सुई माझी, पहिल्या बोनसातून घेतलेली,
काडेपेटीत कापसावर निजवून नेतो-आणतो.

एकोणीस वर्षं.
बाई गेल्या त्या रात्री सात जण तिथंच सतरंजीवर झोपलो,
कुणी कुणाचं कोण नव्हतं.
गर्गे घोरत होते, तेसुद्धा विलंबित.

एका तबकडीला दुसऱ्या अंतऱ्याशी ओरखडा आहे.
बाई म्हणतात, जाऊ, जाऊ, जाऊ,
पुढचा शब्द येतच नाही.
मग अख्खा हॉल एका आवाजात म्हणतो, नको,
आणि मी बोटानं सुई पुढे सरकवतो.
कोरी प्रत मिळाली होती एकदा. कुणी लावू दिली नाही.

मी नोटप्रेसमध्ये, तपासणीला.
दिवसभर ताव उलटायचे,
डोळा अडखळला की लाल पेन्सिलीची खूण.
एक नोट बिघडली म्हणून कुणी गठ्ठा जाळत नाही,
असं मी बायकोला सांगत आलो बेलसऱ्यांबद्दल.

बेलसरे, आणि त्यांच्या मागे बसणारे ते दोघे.
तबकड्यांचे नंबर पाठ,
दुसऱ्या कुठल्या गायिकेचं नाव निघालं की खोकला येतो.
एकदा गर्ग्यांना चारचौघांत म्हणाले,
तुम्ही नुसता रेकॉर्डप्लेअर दिलात, कान कुठून देणार.
साठीचा माणूस, चष्मा पुसत राहिला.
आता शनिवारी नातवाला पोहायला नेतात.
बायको म्हणाली, आणि गठ्ठाच बिघडला असला तर?
मी म्हटलं, भाजी छान झालीय.

जूनमध्ये हेमांगी आली. जेलरोडची,
केटीएचएमला दुसऱ्या वर्षाला.
स्कूटीची चावी मुठीत घट्ट धरून म्हणाली,
माझे आजोबा देवळालीच्या कॅन्टीनमध्ये
कांदे चिरताना हेच गुणगुणायचे.
हा यमन ना?

यमन नव्हता.

बेलसरे हसले नाहीत, ते हसत नाहीतच.
म्हणाले, आडनाव काय म्हणालीस?
पगारे.
हं, म्हणाले बेलसरे.

एवढंच. नुसतं हं.
मागचे दोघे पायांकडे बघत होते.
मी सुईवरची धूळ फुंकत होतो.
सुईवर धूळ नव्हती.

राजीनामा चार ओळींचा.
‘घरगुती अडचणींमुळे’ असं लिहिलं, खोडलं.
खरं लिहायला घेतलं तर कागद पुरेना,
आणि दर वाक्यात मीच यायला लागलो,
खुर्चीत बसलेला.

परवा द्वारकेच्या सिग्नलला ती दिसली.
मी बसमधून उतरलोच, धापा टाकत म्हटलं,
मी मंडळ सोडतोय, तुझ्यासाठी.
तिनं हेल्मेटची काच वर केली.
माझ्यासाठी कशाला, काका?
मला ते गाणं पूर्ण ऐकायचं होतं.
तेव्हा बोलायचं होतं ना.
सिग्नल सुटला.

आज दुसरा शनिवार.
जिन्याची सातवी पायरी. एका खिशात चिठ्ठी,
दुसऱ्यात काडेपेटी.
वर कुणीतरी जुनीच सुई लावलीय, खरखर येतेय.
म्हणजे माझ्यावाचून अडत नाही.
बरं वाटलं. नाहीही वाटलं.

खालून घड्याळवाले इस्माईलभाई,
डोळ्यावरचं भिंग न काढता:
साहेब, चढताय की उतरताय? शटर ओढायचंय.

तेवढ्यात दुसरा अंतरा.
जाऊ, म्हणाल्या बाई. जाऊ. जाऊ.
आणि वरून सगळे: नको.

त्यात बेलसऱ्यांचा आवाज मला ओळखू आला.
सुरात होता. अगदी सुरात.

माझे ओठ हलले का,
शपथेवर सांगता यायचं नाही.
इस्माईलभाई शटरला हात लावून उभेच.