पाण्यात पाहणं

रेडरूथच्या दुकानात मेरिन बोलिथो
काउंटरवर तीन हत्यारं मांडते,
मासेवाली बांगडे मांडते तशी,
चकचकीत बाजू वर.

पहिलं स्टेनलेसचं. सहा इंची जबडा.
"ओढ जबरदस्त," ती म्हणते, "दिवसाला वीस खुर्च्या."
मी ते उचलते, हात लांब करून धरून ठेवते,
काही न बोलता,
शंभर मोजेपर्यंत.
साठाला मनगट बोलायला लागतं.
दुकानात प्रत्येक हत्यार हलकंच असतं.
त्याला अजून नळी लागलेली नसते,
नळीत पाणी नसतं,
आणि दुपारचे चार वाजलेले नसतात.

दुसरं, उघड्या फवाऱ्याचं.
त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे.
मॅराझायनच्या गेस्टहाउसमधला सोफा:
आतला फोम पाणी पीत गेला, पीत गेला,
आणि तिसऱ्या दिवशी तपकिरी डाग
खालून वर आले, जत्रेला निघाल्यासारखे.
मालक नॅनकॅरो काही बोलला नाही.
उशी उलटी केली, पैसे दिले.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सुती कापडाला घाई चालत नाही.
मखमलीला विचारून हात लावावा,
तिची लव कुठल्या कुशीवर झोपते
ते आधी तळव्याने बघावं.
गालिच्यातली समुद्राची वाळू पाण्याआधी काढावी, कोरडी,
नाहीतर चिखल आपणच कालवतो.
हे सगळं मी डेन्झिलला सांगते.
तो एकोणीस वर्षांचा. त्याला ते दिवा लावलेलं हवंय,
वरच्या फळीवरचं.
"दिवा कशाला रे?"
"दिसायला."
मळ दिसायला की तू दिसायला,
हे मी विचारत नाही.

तिसरं. चार इंची, आतल्या आत फवारणारं,
ओठाला पांढरी गुळगुळीत पट्टी,
चाप दोन बोटांनी दबणारा,
आणि पाठीवर खिडकी, काडेपेटीएवढी.
वर ओढलं जाणारं पाणी तिच्यातून दिसतं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पाण्यात पाहावंच लागतं.
त्यात वैर नसतं.
आधी चहा येतो. मग कुत्रा. मग शेकोटीची काजळी.
मग असं काहीतरी ज्याला नाव नाही,
राखाडी, माणसाच्या अंगाचं,
वर्षानुवर्षं एकाच जागी बसल्याचं.
मग पाणी निवळत जातं
आणि खिडकी सांगते: आता पुरे.
कापडाकडे बघून ते कळत नाही.
ओलं कापड सगळं सारखंच काळं.

मागच्या नोव्हेंबरात असंच एक मी उसनं आणलं होतं,
मिसेस ट्रेंबाथकडे, नवऱ्याच्या खुर्चीसाठी.
ती चहा घेऊन आली, वाकली,
खिडकीत बघत राहिली.
"एवढं?" म्हणाली. "मी तर दर शनिवारी ब्रश मारायचे."
"कापडाचा रंग सुटतो थोडा," मी म्हटलं.
खोटं.
रंग मी आधीच मागच्या कोपऱ्यात
पांढऱ्या फडक्याने तपासला होता,
ठिपकासुद्धा उतरला नव्हता.
पुढचे सगळे हात मग
खिडकीवर अंगठा ठेवून मारले.
कधी थांबायचं, ते अंदाजाने.
दोन हात जास्तच झाले बहुतेक.

"बिनखिडकीचंही येतं," मेरिन म्हणते,
"बारा पौंडांनी स्वस्त.
तुझा हात बसलेला, तुला काय करायचीय खिडकी?"
बाहेर व्हॅनमध्ये जाऊन बसलेला डेन्झिल
हॉर्न वाजवतो.

मी तिसरं उचलते. हात लांब करते.
शंभर. एकशे दहा.
मनगट गप्प.
अंगठा आपसूक सरकतो,
खिडकी पूर्ण झाकली जाते का बघतो.
जाते.

"हेच दे," मी म्हणते.
"आणि पट्टी एक जास्तीची.
ती लवकर झिजते."