पाहिजे

झाशी राणी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात
'खोली भाड्याने, फक्त शाकाहारी'
आणि 'बारावी गणित, खात्रीशीर' यांच्या मधोमध
मी चिठ्ठी चिकटवली:

पाहिजे. सोबत बसून देश रचणारा माणूस.
वय, शिक्षण, काहीही चालेल.
खोटं नीट बोलता आलं पाहिजे,
आणि काल बोललेलं आज आठवलं पाहिजे.

दुकानदार बावनकर वाचून म्हणाला,
भूमापनवाल्यांचं ऊन डोक्यात गेलं काय बे?

देश जुना आहे. अकरा वर्षांचा होतो,
गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसायच्या,
त्यांच्या धुरात एकदा मला किनारा दिसला.
तेव्हापासून नकाशे काढतोय,
हल्ली ऑफिसच्याच ट्रेसिंग पेपरवर, गुन्हा कबूल.
डोंगर आहेत, सात नद्या, मिठाचा एक घाट.
राजा आहे. त्याला झोप येत नाही.
त्याच्याशी बोलायला कुणी नाही,
कारण सगळी माणसं मीच,
आणि मी काय उत्तर देणार
ते मला आधीच ठाऊक.

पहिला आला धंतोलीचा. त्याच्या माणसाला
बाण लागायचा नाही, विष चढायचं नाही.
तिसऱ्या पानावर त्यानं माझी राजधानी जाळली
आणि चहाचे पैसे न देता गेला.
दुसरी फार सज्जन. मी दोन पानं लिहायचो,
ती लिहायची, "हो. मग?"
एकानं माझ्या राजाला रडवलं,
मला न विचारता.
त्या दिवशी मी चिठ्ठी काढायला गेलो.

चिठ्ठीखाली कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलं होतं,
"तुमच्या देशात पाणी कोण भरते?"
आणि नंबर.

मी तिथंच उभा, पंख्याखाली.
सात नद्या काढल्या होत्या मी.
एकाही घरात माठ नव्हता.

तिलोत्तमा हेडाऊ. मेडिकल चौकात
औषधांच्या दुकानात रात्रपाळी.
गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता
तिनं आधी कायदा सांगितला:
"माझ्या बाईचे हात तू हलवायचे नाही.
तिच्या तोंडात शब्द टाकायचा नाही.
तुझा राजा तिला बोलावू शकते.
ती येईन का नाही, ते मी पाहीन."

तिची बाई निंबोळी, घाटावरची नावाडीण,
एका कानानं बहिरी.
राजाकडून दुप्पट घ्यायची.
जागरणाचं वजन जास्त भरते, म्हणायची.

दोनशे पानी वही, ओआरएसच्या खोक्यामागे.
रात्री मी ठेवायचो, सकाळी न्यायचो.
शेहेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर,
मी त्या घाटावर थंडीनं कुडकुडलोय.
तिच्या घरचं मला काही माहीत नव्हतं.
निंबोळीच्या घरी किती भांडी, ते पाठ होतं.

मग अकरा दिवस काउंटरवर दुसराच पोरगा.
वही जशी ठेवली तशी.
निंबोळी काठावर, एक पाय नावेत.
मी तिला हलवू शकत नव्हतो.
राजाला पायरीवर बसवलं
आणि फक्त हवामान लिहीत राहिलो,
ते कुणाच्या मालकीचं नसतं:
वारा पडला. पाणी चार बोटं उतरलं.
बगळा आला. बगळा गेला.
अकरा पानं बगळा.

बाराव्या दिवशी तिचं अक्षर, जरा वाकडं:
"निंबोळी म्हणाली, माय गेली माझी.
म्हणून उशीर. आता दोन्ही पाय नावेत आहेत.
बसता का? पैसे आधी."

कुणाची माय, मी विचारलं नाही.
कायदा कायदा असतो.
राजानं पैसे दिले, दुप्पटच,
पैलतीर येईस्तोवर गप्प राहिला,
आणि उतरताना, एवढंच,
"तुझ्या घरी आज पाणी कोण भरते?"