बत्तीस बिटांची शिदोरी

तार्तूत डिसेंबर. दुपारी तीनलाच लागलेले दिवे.
मारिका कामावरून येते, बोटांना अजून
कवळ्यांच्या साच्यांचा प्लास्टरी वास,
आणि कोट न काढताच विचारते मशीनला : झालं?

विंडोजचं बांधून झालंय. लिनक्सचंही.
मॅकला सही हवी, वर शिक्का हवा,
तलाठ्यासारखा अडून बसलाय.

उरला जिन्याखालचा जुना लॅपटॉप.
बत्तीस बिटांचा. पंखा खोकतो,
झाकण रबरबँडनं धरलेलं.
त्याच्यापुरती शिदोरी बांधायची
तर रात्र जाते.

‘सोड आता,’ हेल्दुर म्हणाला होता,
‘कोण खेळतं त्यावर?’
तिनंही ओळ लिहून ठेवली :
पुढच्या आवृत्तीपासून आधार बंद.

मग पाराग्वेतून एक चित्र आलं.
शाळेला दान मिळालेला संगणक,
पडद्यावर आठ रंगांचा बेडूक
उडी मारतो
आणि जमिनीतून आरपार जातो.
खाली एवढंच :
पडू नये असं वाटतं.

चूक पोराची नव्हती.
दशांशचिन्हानंतरचा कुठलासा सोळावा अंक
जुन्या चिपवर वेगळा वळत होता.

पहाटे चारला जमीन घट्ट झाली.
मारिकानं ती ओळ खोडली नाही.
फक्त ‘पुढच्या’च्या जागी लिहिलं
‘त्याच्या पुढच्या’.